मेस्केलपासून मागे मोजा : क्लोव्हरच्या पेरणीबद्दल वाचकांचे प्रश्न

एरवी या सदरात ऊस, सोयाबीन, नाहीतर गाईच्या कासेचे प्रश्न येतात, या वेळी मात्र एका मागोमाग चार पत्रं क्लोव्हरवर आली. एक इथिओपियातून, एक केनियातून, एक पाचगणीकडून आणि एक सांगलीहून. चौघांची अडचण वरवर वेगळी वाटते पण मुळात एकच आहे, पेरणीची वेळ. मी स्वतः काही वर्षं इथिओपियात एका शेती कॉलेजात शिकवायला होतो त्यामुळे पहिलं पत्र वाचून राहवलं नाही, त्याला जागा जास्त गेलीय, बाकीच्यांनी समजून घ्या.

ज्यांना क्लोव्हर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपला बरसीम असतो ना, तो क्लोव्हरच. मेथीसारखी तीन-तीन पानं, कडधान्याच्या खानदानातला, मुळांवर गाठी करून हवेतला नत्र घेणारा चारा. लसूणघास मात्र क्लोव्हर नाही, तो जवळचा नातेवाईक म्हणा. क्लोव्हर मूळचा थंड हवेचा असं आपण धरून चालतो पण पूर्व आफ्रिकेच्या उंच पठारांवर त्याच्या स्वतःच्या, तिथल्याच, बऱ्याच जाती आहेत आणि त्या आपल्यापेक्षा विषुववृत्ताच्या जवळ राहून मजेत वाढतात.

प्रश्न : सर नमस्कार, मी मूळचा लातूरचा, नोकरीनिमित्त सहा वर्षं इथिओपियात आहे. देब्रे बेऱ्हानच्या अलीकडे इथल्या एका मित्राबरोबर भागीदारीत गाई सांभाळतो. जमीन काळी, अगदी आपल्याकडच्यासारखी. गेल्या वर्षी १२ ऑगस्टला क्लोव्हर पेरला, स्थानिक बी होतं. उगवला पण पिवळाच राहिला, चार बोटं उंच झाला आणि तेवढ्यावरच फुलं आली. बांधाच्या पलीकडे शेजाऱ्याच्या पडीक रानात मात्र कोणी न पेरलेला क्लोव्हर गुडघ्याला लागत होता. बी खराब होतं का?

दादा, बी खराब नव्हतं. बी खराब असतं तर उगवलंच नसतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच लिहिलंय, शेजाऱ्याच्या पडीकात. तो क्लोव्हर पेरला कोणी? पहिल्या पावसाने. जूनमध्ये जमीन भिजली तशी तिथं पडलेली बियाणं उगवली, आणि तुमचं बी जमिनीत पडेपर्यंत त्यांना दीड-दोन महिन्यांची आघाडी मिळालेली होती. तुमच्या तिकडे त्याला मागेत म्हणतात, शेतकऱ्याला विचारा कधी उगवतो म्हणून, तो तुम्हाला बरोबर सांगेल.

आता हे नीट समजून घेऊ कारण आपण महाराष्ट्रातून गेलेली माणसं तिथं एक चूक हमखास करतो, मीही केली. आपल्या डोक्यात खरीप, रब्बी, उन्हाळी असे कप्पे असतात आणि क्लोव्हर म्हटलं की बरसीम आठवतो, बरसीम म्हटलं की रब्बी, म्हणून आपण पाऊस ओसरायची वाट बघतो. तिकडे असं नाहीये. अदिस अबाबा २३०० मीटरच्या वर आहे, देब्रे बेऱ्हान तर २८०० च्या आसपास, आणि दर हजार मीटरला हवा साधारण सहा-साडेसहा अंशांनी थंड होते हे तुम्हाला माहीत आहेच. म्हणजे तिथं थंडी आणण्यासाठी हिवाळा लागत नाही, उंचीनेच काम झालेलं असतं, ऐन जुलैत दुपारी वीसच्या आसपास तापमान असतं. दिवसाची लांबी म्हणाल तर ९ अंश अक्षांशावर वर्षभरात जेमतेम तासाभराचा फरक पडतो, दिल्लीला तोच साडेतीन तासांच्या वर जातो. तेव्हा थंडी वर्षभर आहे, दिवस जवळपास सारखेच आहेत, मग बदलतं काय? ओल. फक्त ओल. तिथला खरा ऋतू म्हणजे पाऊस कधी लागला आणि कधी उघडला.

मोठा पाऊस ज्याला ते किरेम्त म्हणतात तो जूनमध्ये लागतो, जुलै-ऑगस्टमध्ये कहर करतो आणि सप्टेंबर संपता संपता थांबतो. २७ सप्टेंबरला मेस्केलचा सण असतो, चौकाचौकात लाकडांचा ढीग रचून पेटवतात, डोंगर पिवळ्या फुलांनी भरलेले असतात. मला ती तारीख कायम लक्षात राहिली कारण आपल्याकडे बरोबर त्याच सुमाराला हस्त लागतो. आपण हत्तीच्या पावसाकडे रब्बीसाठी डोळे लावून बसतो आणि तिकडे त्याच दिवशी पावसाचा हिशोब बंद होतो. पुढे ऑक्टोबरपासून रात्री आभाळ निरभ्र, आणि तुमच्या उंचीवर तर पहाटे दहिवर गोठून पांढरं होतं. कोवळ्या क्लोव्हरला ते झेपत नाही.

म्हणून माझं सांगणं असं की तिथं पेरणीची तारीख पुढून नाही, मागून काढायची. मेस्केलपासून मागे मोजा. तिथल्या ज्या एकवर्षायू जाती आहेत, क्वार्टिनियानम, स्टॉयडनेरी, टेम्बेन्से, डेकोरम वगैरे, त्यांना उगवण ते भर फुलोरा साधारण तीन ते चार महिने लागतात, जातीनुसार आणि उंचीनुसार कमीजास्त. मेस्केलपासून शंभर दिवस मागे या, १८-१९ जून येतो. म्हणजे आपल्या भाषेत मृग संपता संपता, आर्द्रा लागता लागता. तुम्ही पेरला आश्लेषात. त्याला मिळाले सहा-सात आठवडे. आणि एकवर्षायू झाडाची रीत अशी की ओल संपायच्या आत बी धरायचं, अंगापिंडाने कितीही लहान असलं तरी. म्हणून चार बोटांवर फुलं.

त्यात आणखी एक बारीक गोष्ट आहे जी शेतात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तिथं क्लोव्हर फारसा वाढत नाही. आभाळ सतत भरलेलं, ऊन नाही, जमीन गारठलेली, पानं इवलीशी, माणूस निराश होतो. पण तेव्हा तो खाली मूळ करत असतो आणि जमीन झाकत असतो. मग सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, त्यांचं नवीन वर्ष ११ सप्टेंबरला असतं त्याच्या आगेमागे, ऊन पडायला लागतं आणि जमिनीत ओल मुबलक असते. त्या तीन आठवड्यांत क्लोव्हर असा उठतो की सोमवारी बघितलेलं रान शुक्रवारी ओळखू येत नाही. जूनमध्ये पेरलेल्या पिकाकडे तेव्हा ते ऊन घ्यायला पानं तयार असतात. ऑगस्टमध्ये पेरलेल्याकडे दोन-तीन पानं. सगळा फरक तिथं पडतो.

आता काळ्या जमिनीचं. हे तुम्हाला लातूरकर म्हणून वेगळं सांगायला नको, भिजली की चिकट, वाळली की हातभर भेगा. जुलैत एकदा ती पोटभर पाणी प्याली की वाफसा येतच नाही, बैल पोटऱ्यांपर्यंत रुततात. म्हणून तिथले शेतकरी पूर्वापार काय करतात तर अशी रानं ऐन पावसात मोकळी ठेवतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाणी ओसरलं की मागच्या ओलीवर हरभरा, लाखेची डाळ पेरतात. आपल्याकडे सोलापूर-मंगळवेढ्याच्या भारी जमिनीत खरीप पड ठेवून शाळू पेरतात तेच. शाळूला, हरभऱ्याला ते चालतं कारण त्यांचं मूळ खाली जाणाऱ्या ओलीचा पाठलाग करतं. क्लोव्हरचं बी बघा, राईपेक्षा बारीक, पोटात शिदोरी नसल्यासारखी. त्याला वरचा एक सेंटिमीटर सलग तीन-चार आठवडे ओला हवा. उशिरा पेरला तर दोन्हीकडून मार, आधी चिबडलेल्या रानात रोप गुदमरतं आणि मूळ नीट धरेपर्यंत वरचा थर वाळून तडकतो, भेग पडताना रोपाचं मूळच तोडून टाकते.

माझ्या पहिल्या वर्षीची गोष्ट सांगतो. खत यायला उशीर झाला, खताशिवाय पेरायचं नाही म्हणून मी अडून बसलो आणि प्लॉट पेरला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. विद्यार्थ्यांनी रांगेत वाकून पेरलं, दुसऱ्या दिवशी एवढा पाऊस झाला की बी तरंगून एका कोपऱ्यात गोळा झालं. तिथं एवढं दाट उगवलं की गालिचा, बाकी प्लॉट उघडा. सप्टेंबरअखेर एक रोप हळूच उपटलं, मुळं बादलीत धुतली, गाठी बघितल्या. टाचणीच्या डोक्याएवढ्या, नखाने फोडल्या तर आतून पांढऱ्या. गाठ आतून गुलाबी-लाल असेल तरच ती नत्र करतेय, पांढरी-हिरवट असेल तर झाड उपाशी आहे. तुमचा पिवळेपणा हाच आहे, माझी जवळपास खात्री आहे. पुढच्या वेळी चार-पाच रोपं उपटून बघा म्हणजे पक्कं कळेल.

मग करायचं काय. एक तर निचरा. तुम्ही आपल्याकडचा बीबीएफ, रुंद सरी वरंबा, बघितला असेल सोयाबीनसाठी. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची संशोधन संस्था आहे, तिथं काळ्या जमिनीसाठी हे तंत्र बसवलं गेलं, आणि १९८० च्या दशकात अदिस अबाबातल्या इल्का या पशुधन संशोधन संस्थेने, जी आता इलरी या आंतरराष्ट्रीय संस्थेचा भाग आहे, इतर संस्थांच्या जोडीने त्याचं बैलांचं रूप केलं. तिथला जो लाकडी नांगर आहे, मारेशा, तसे दोन नांगर जोडून रुंद गादी आणि बाजूला सरी पाडणारं अवजार. गादी साधारण ८० सेंटिमीटर, सरी ४०. गादीवर पाणी साचत नाही म्हणजे जूनच्या शेवटी पेरलेलं रोप जुलैत बुडत नाही. लवकर पेरणी आणि निचरा या दोन गोष्टी काळ्या रानात वेगळ्या करताच येत नाहीत, नुसती तारीख अलीकडे आणून उपयोग नाही. टेम्बेन्से जात पाणी बऱ्यापैकी सोसते, खोलगट ठिकाणी ती घ्या.

दुसरं, फॉस्फरस. तिथल्या काळ्या जमिनीत क्लोव्हर फॉस्फरसला जितका जोरात उत्तर देतो तितका क्वचितच कशाला देत असेल. माती तपासा, सुपर फॉस्फेट पेरणीलाच द्या, आणि माझ्यासारखं खताची वाट बघत बसू नका, मे महिन्यातच आणून ठेवा. तिसरं, स्वतः गोळा केलेलं ताजं बी असेल तर त्याचं कवच कडक असतं, पाणी आत जात नाही, सँडपेपरवर हलक्या हाताने घासून घ्या. नाहीतर निम्मं यंदा उगवेल आणि निम्मं मनाला येईल तेव्हा. पडीक रानाला ते चांगलं, चाऱ्याच्या रानाला नाही.

आणि एक सावधगिरी, आता लवकर म्हणालो म्हणून फेब्रुवारी-मार्चच्या छोट्या पावसावर पेरू नका, त्याला तिकडे बेल्ग म्हणतात. तो आपल्या वळवासारखा समजा. बी फुगतं, मोड येतो आणि मेमध्ये उघडीप पडली की सगळं करपतं. दुबार पेरणीचं दुःख आपल्याला कोणी शिकवायला नको.

तुम्ही पत्राच्या शेवटी वाळवून ठेवण्याबद्दलही विचारलंय. ते याच हिशोबात बसतं. फार लवकर पेरला आणि लवकर फुलणारी जात असली तर कापणी सप्टेंबरच्या मध्यावर येते, पाऊस चालूच, कापलेला चारा जागेवर सडतो. निम्मी फुलं उमलली की कापायचं, आणि ते निम्मं उमलणं मेस्केलच्या पुढे आठवडाभरात यावं अशी जात आणि तारीख जुळवायची. ऊन असतं, दोन-तीन दिवसांत वाळतो, पण पानं जपा, क्लोव्हरचं सगळं सत्त्व पानात आहे, कडकडीत दुपारी उलथापालथ केली की पानं झडून नुसत्या काड्या हातात येतात. सकाळी दहिवर गेल्यावर उलथा.

जाता जाता, तुमच्या शेजारच्या रानात नूग पेरतात तो बघा. तो म्हणजे आपलं कारळं. मूळचं तिथलंच. जूनच्या शेवटी-जुलैत पेरतात आणि पाऊस संपता संपता फुलतं, क्लोव्हर फुलतो त्याच दिवसांत, आणि मधमाशा दोन्हीवर तुटून पडतात. कॅलेंडर हरवलं तरी नूगच्या पेरणीच्या थोडं आधी क्लोव्हर टाका, चुकणार नाही.

प्रश्न : आम्ही नैरोबीजवळ लिमुरूकडे राहतो, दोन एकर जागा, पाच गाई आहेत. नेपिअर आणि किकुयू गवत आहे. त्यात क्लोव्हर घालायचाय. इथं दोन पावसाळे, मार्च ते मे मोठा आणि ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा. ऑक्टोबरमध्ये पेरू का? भारतातून बरसीमचं कल्चर, म्हणजे बियाला चोळायचे गाठींचे जिवाणू, आणलं तर चालेल का?

ताई, ऑक्टोबरमध्ये नको, मार्चच्या शेवटी पेरा. दोन्ही पावसाळ्यांत पाऊस तर पडतोच, मग फरक काय असं वाटेल. फरक पावसात नाही, पावसाच्या नंतर काय येतं त्यात आहे. मोठ्या पावसानंतर तुमच्याकडे जून-जुलै-ऑगस्ट कसे असतात, ढगाळ, गारठा, सकाळी धुकं, अंगावर स्वेटर. पाऊस कमी झाला तरी जमीन सुकत नाही. रोपाला मूळ करायला हे तीन महिने अलगद मिळतात. छोट्या पावसानंतर लगेच जानेवारी-फेब्रुवारी, स्वच्छ ऊन, कोरडा वारा. नोव्हेंबरमध्ये उगवलेल्या रोपाचं मूळ तेव्हा बोटभर असतं, ते मरतं. तुम्हाला बहुवर्षायू क्लोव्हर लावायचाय, इथिओपियाच्या दादांसारखा एका हंगामाचा नाही, तेव्हा तुमचा हिशोब असा करा की पहिला कडक उन्हाळा यायच्या आत मुळाला किती महिने मिळतात. मार्च-एप्रिलची पेरणी आठ-नऊ महिने देते. ऑक्टोबरची दोन.

बी कुठलं? केनिया व्हाइट क्लोव्हर म्हणून तिथलाच आहे, सेमिपिलोसम, त्याची सफारी नावाची जात ऑस्ट्रेलियात काढली गेली. जमिनीवर पसरतो, शिवाय खोल सोटमूळ करतो म्हणून युरोपच्या व्हाइट क्लोव्हरपेक्षा कोरडं जास्त सोसतो. बी हेक्टरी दोन-तीन किलो पुरतं, विश्वास बसणार नाही एवढं थोडं, वाळूत मिसळून फेका म्हणजे सारखं पडेल, आणि पुरू नका, वरच्यावर ठेवून पायाने दाबा. रेड क्लोव्हरचा मोह झाला तर चाऱ्यासाठी ठीक, पण त्याला फुलायला लांब दिवस लागतात आणि तुमच्याकडे वर्षभरात दिवस जेमतेम दहा मिनिटांनी कमीजास्त होतो, तेव्हा घरचं बी धरायची आशा ठेवू नका.

कल्चरबद्दल मात्र स्पष्ट सांगतो, बरसीमचं कल्चर केनिया क्लोव्हरला चालणार नाही. आफ्रिकेतल्या क्लोव्हरना त्यांचेच जिवाणू लागतात. दुसऱ्याचे दिले तर गाठी येतात, दिसतात, पण काम करत नाहीत, झाड पिवळंच राहतं. आणि तसंही सामानातून माती किंवा कल्चर परदेशात नेऊ नये, परवानगीशिवाय तर नाहीच. सोपी गोष्ट करा, तुमच्या भागात रस्त्याकडेला जिथं हा क्लोव्हर आपोआप वाढलाय आणि हिरवागार आहे तिथली ओंजळ-दोन ओंजळ माती मुळांसकट आणून बियात मिसळा, सावलीत, आणि त्याच दिवशी पेरा.

किकुयू गवताचं वेगळं सांगायला हवं, ते गवत नाही, अतिक्रमण आहे. मार्चमध्ये पेरायच्या आधी ते अगदी बुडाशी कापून किंवा गाईंकडून चारून जमीन उघडी करा आणि नंतरही पहिले काही महिने गवत हातभर वाढू देऊ नका, क्लोव्हरच्या पानावर ऊन पडलं पाहिजे. नेपिअरच्या सावलीत तो टिकणार नाही, ओळींमध्ये अंतर भरपूर असेल तरच.

प्रश्न : पाचगणीजवळ आमचं स्ट्रॉबेरीचं रान आहे. इथं थंड हवा असते, तर व्हाइट क्लोव्हर जूनमध्ये पेरून बघावा म्हणतो. उटीकडे बघितला होता.

उटी आणि पाचगणी दोन्ही थंड हवेची ठिकाणं असली तरी उटी २२०० मीटरच्या वर आहे आणि तुम्ही तेराशेच्या आसपास. तेवढ्या उंचीने पाच-सहा अंशांचा फरक पडतो. वर तुमच्या शेजारी महाबळेश्वरला वर्षाला ५५०० मिलिमीटरच्या वर पाऊस, जवळपास सगळा चार महिन्यांत. जूनमध्ये एवढं बारीक बी टाकलं तर ते तुमच्या रानात नाही, खाली ओढ्यात उगवेल. पाचगणीला पाऊस त्याहून पुष्कळ कमी आहे पण जुलैत उघडीप तिथंही नाही, ऊन नाही, आणि जांभ्याची आंबट माती.

तुमच्याकडे वेळ एकच, स्ट्रॉबेरीचे रनर लावता तीच. सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य, जोर ओसरलाय, रात्री गार व्हायला लागल्यात आणि जमीन ओली आहे. नंतर तुषारचं पाणी द्यावं लागेल. एक गुंठा करून बघा, चुना आणि फॉस्फेट घालून. एप्रिल-मेमध्ये तो मरगळेल, बराचसा जाईलही, तेव्हा त्याला एका हंगामाचा चारा समजूनच चाला. खरं सांगायचं तर गाईंसाठीच पाहिजे असेल तर तुमच्याकडे ओट बरा.

आणि एक कळकळीची विनंती, टेबललँडवर किंवा कास-पठाराच्या बाजूला कुठंही हे बी नेऊ नका. त्या सड्यांवर जी फुलं येतात त्यातली काही जगात दुसरीकडे कुठंही नाहीत. निलगिरीच्या गवताळ डोंगरांवर बाहेरून आणलेल्या वॅटलच्या झाडांनी काय केलं ते जाऊन बघा. रानात लावा, बांधाच्या आत ठेवा, बी धरायच्या आधी कापा.

प्रश्न : सांगली जिल्ह्यात दोन म्हशींसाठी बरसीम केला, गणपती झाल्यावर लगेच सप्टेंबरमध्ये पेरला, निम्मा उगवलाच नाही आणि त्यात कासनीचं तण फार. मागच्या वर्षी जानेवारीत केला होता तर दोनच कापण्या मिळाल्या. आणि कोवळा खाऊन एक म्हैस फुगली.

तुमच्याकडे बरोबर उलटं आहे. वरच्या पठारांवर ओल बघून पेरायचं, तुम्ही पाणी देऊ शकता म्हणून तुम्ही ऊन बघून पेरायचं. दिवस-रात्रीचं सरासरी तापमान पंचविसाच्या आसपास आलं की बरसीम, म्हणजे ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरचा मध्य. सप्टेंबरचा उकाडा त्याला सोसत नाही. आणि जानेवारीत पेरला तर पहिल्या कापणीला ५०-५५ दिवस, तोपर्यंत मार्च, पुढे ऊन तापलं की वाढ थांबते, मग दोनच कापण्या मिळणार. वेळेवर पेरलेला नंतर दर महिन्याला एक कापणी देतो. कापताना दोन-तीन बोटं बुडखा ठेवा, तिथूनच तो फुटतो.

कासनीसाठी पेरायच्या आधी बी मिठाच्या पाण्यात टाका, दहा लिटरला एक किलो मीठ. कासनी हलकी, वर तरंगते, ती गाळून फेका, खाली बसलेलं बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा कारण मीठ राहिलं तर कल्चर मरतं, मग गुळाच्या पाण्यात कल्चर करून चोळा. एकरी १०-१२ किलो बी, वाफ्यात चार बोटं पाणी उभं करून त्यावर फेकायचं.

म्हशीचं, दव असलेला कोवळा बरसीम उपाशी पोटी कधीच घालायचा नाही. आधी कडबा, तो चांगला खाल्ल्यावर बरसीम, आणि तोही कापून दोन-तीन तास सुकवलेला, कडब्यात मिसळून. नवीन चारा सुरू करताना आठवडाभर हळूहळू वाढवा. डावी कूस ढोलासारखी फुगली, म्हैस सारखी उठबस करायला लागली, जीभ बाहेर आली तर घरगुती उपायात वेळ घालवू नका, पुढचे पाय उंचवट्यावर येतील अशी उभी करा आणि लगेच डॉक्टरांना फोन करा, अशा वेळी तासाभराचाही उशीर जिवावर बेततो.